रविवारचा कार्बोरेटर

लग्न होऊन मी म्हैसूरला आले तेव्हा सासरी एक गाडी होती. राखी रंगाची, फुगीर पाठीची, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असलेली. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पाटबंधारे खात्यात असताना कुणा साहेबाकडून ती जुनीच घेतली होती. घरात ती चालवता येणारे दोघंच, मामंजी आणि मी. नवऱ्याला चालवता येत नव्हती आणि शिकायची इच्छाही नव्हती. पुढे मामंजींची नजर अधू झाली, डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला मनाई केली आणि गाडी माझ्याकडे आली. मी गावाच्या दुसऱ्या टोकाला मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवत असे. बसने जायचं तर दोन बस बदलाव्या लागायच्या, त्यामुळे मला ती गाडी म्हणजे मोठीच सोय झाली.

माझे वडील साताऱ्याकडे साखर कारखान्यात होते आणि कारखान्याची जीप त्यांच्याच हाताखाली असायची. बॉनेट उघडून आत डोकं घालायची सवय मला त्यांच्यामुळे लागलेली. सासरी हे कळलं तेव्हा सासूबाईंनी कपाळाला हात लावला होता आणि मामंजी खूष झाले होते. "अगो, मिलिटरीवाल्यांच्या घरात आलीस ना, मग असंच पाहिजे," असं ते म्हणाले होते. सासरचे कुणी पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते म्हणे. त्यानंतरच्या पिढ्यांत सगळे कारकून आणि मास्तर झाले, पण मिलिटरी हा शब्द घरात दिवसातून एकदा तरी निघायचाच.

तर ही गाडी एका उन्हाळ्यात धूर ओकायला लागली. साधा नाही, काळा. मी गल्लीतून बाहेर पडले की समोरच्या बाई वाळत घातलेले कपडे गोळा करायला धावायच्या. शाळेत पोचून वर्गात शिरले की पहिल्या बाकावरच्या मुली एकमेकींकडे बघून नाकाला रुमाल लावायच्या. संध्याकाळी घरी आले की सासूबाई म्हणायच्या, "तू जवळ आलीस की पेट्रोल बंकमध्ये उभं राहिल्यासारखं होतं बघ. आधी साडी बदल, मग कॉफी घे."

रोग काय आहे ते मला कळत होतं. गाडी रिच चालत होती. कार्बोरेटरचं काम एवढंच की हवा आणि पेट्रोल ठरलेल्या प्रमाणात मिसळून इंजिनाला द्यायचं. हवा कमी पडली किंवा पेट्रोल जास्त झालं की इंजिनाला ते सगळं जाळता येत नाही. मग काळा धूर निघतो, प्लगवर काजळी बसते, गाडी उभ्या उभ्या धडधडते आणि टाकी भराभर रिकामी होते. उपाय म्हणजे कार्बोरेटरच्या बुडाशी एक छोटा स्क्रू असतो, तो नीट लावायचा. इंजिन गरम करायचं, स्क्रू हळूहळू आत घ्यायचा, इंजिन अडखळायला लागलं की थांबायचं, मग पुन्हा थोडा बाहेर, आवाज एकसारखा येईपर्यंत. वडिलांनी शिकवलेलं. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम.

पहिल्या रविवारी जेवणाआधी मी ते केलं. गाडी अंगणात उन्हात तापलेली होती, पायाने थोडं पंपिंग केलं तर लगेच चालू झाली. खरं म्हणजे तेव्हा ती फारशी धूरही टाकत नव्हती. तरी मी स्क्रू थोडा आत घेतला, कान लावून ऐकलं आणि समाधानाने हात धुतले. सोमवारी धूर नव्हता, फक्त गाडी एक-दोनदा अडखळली. मंगळवारी पुन्हा धूर. बुधवारीही धूर. गुरुवारी धूर नाही, उलट प्रत्येक चौकात बंद पडायची, म्हणजे आता पेट्रोल कमी पडत होतं. शुक्रवारी पुन्हा काळा लोट.

एका स्क्रूवर गाडी एक दिवस उपाशी आणि दुसऱ्या दिवशी अजीर्ण झाल्यासारखी कशी वागेल? हे कुठल्याही शास्त्रात बसत नव्हतं आणि मी तर शास्त्राची शिक्षिका. दुसऱ्या रविवारी स्क्रू पुन्हा लावला. तिसऱ्या रविवारी पुन्हा. मग माझे सगळे रविवार त्यातच जायला लागले.

त्यात आमची गल्ली. एक बाई पदर खोचून बॉनेटखाली वाकलीय म्हटल्यावर जाणारा येणारा प्रत्येक पुरुष थांबायचा. कोपऱ्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, पेट्रोलमध्ये रॉकेल असणार. नवऱ्याच्या ऑफिसातले एकजण भाजीची पिशवी हातात धरूनच म्हणाले, "मॅडम, हा स्क्रू नाही, प्लग बदला." ज्यांच्याकडे सायकलसुद्धा नव्हती असे एक गृहस्थ म्हणाले, "गाडीच विका." आणि प्रत्येकाला जाताना माझ्या नवऱ्याला विचारायचंच असायचं की तुम्ही का नाही हो बघत? नवरा पेपरमागून म्हणायचा, "तिला विचारा, मला त्यातलं काही कळत नाही." तो खरं तेच सांगत होता, पण दर वेळी मला त्याचा पेपर ओढून घ्यावासा वाटायचा.

मामंजी मात्र काही बोलत नसत. एरवी भाजी चिरण्यापासून राजकारणापर्यंत सगळ्यात ज्यांचं मत असायचं, ते या एका बाबतीत गप्प. फार झालं तर व्हरांड्यातून म्हणायचे, "सुम्ने कशाला त्याला छेडतेस? बिडु. आपोआप बरं होईल." कानडी शब्द त्या घरात असे बोलता बोलता यायचे. सुम्ने म्हणजे उगीच, बिडु म्हणजे सोडून दे, हे मला तोवर सवयीचं झालं होतं. पण कार्बोरेटर आपोआप बरा होतो हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

रोज सकाळी मी डबा भरत असताना गाडी चालू करून ठेवायचं काम मात्र मामंजींनी आपल्याकडे ठेवलं होतं. चालवायला डोळे लागतात, चालू करायला कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी पर्स घेऊन बाहेर येईपर्यंत इंजिन गरम झालेलं असायचं. संध्याकाळी गाडी दारात आली की तेच पुढे येऊन बॉनेट उघडायचे, रेडिएटरचं पाणी बघायचे. म्हातारपणी माणसाला काहीतरी आपलं काम लागतं, असं वाटून मला ते बरंच वाटायचं.

एका रविवारी मी अख्खा कार्बोरेटर काढला आणि मागच्या ओट्यावर जुन्या वर्तमानपत्रावर सुटा केला. फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारी पोकळ डबी, हलवून पाहिला, आत पेट्रोल शिरलेलं नव्हतं. पेट्रोल अडवणारी सुई नीट बसत होती. जेट म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं, त्यांत फुंकर मारली, साफ होती. वरची चोकची झडप बोटाने फिरवली, सहज उघडली, मिटली. सगळं पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवलं. ओट्यावरचा वास दोन दिवस गेला नाही आणि सासूबाईंनी तुळशीला पाणी घालायलाही तिकडून जायचं बंद केलं. सोमवारी धूर.

मग मला संशय आला की कुणीतरी स्क्रू फिरवतंय. गल्लीतल्या सल्लागारांपैकी कुणीही असू शकलं असतं. मी स्क्रूवर आणि शेजारच्या भागावर नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढली. स्क्रू हलला तर रेघ तुटेल. दोन दिवसांनी गाडीने शाळेच्या फाटकात एवढा धूर सोडला की मुख्याध्यापिका बाहेर आल्या. मी तिथेच डोकं धरून बसले आणि संध्याकाळी घरी, मामंजींचं पाणी बघून झाल्यावर, रेघ पाहिली. जशीच्या तशी. तेव्हा मात्र मला रडू यायचं बाकी राहिलं. भूतबाधेवर माझा विश्वास नाही, पण त्या दिवशी कुणी अंगारा दिला असता तर मी लावला असता.

एका मेकॅनिकलाही दाखवून झालं. त्याच्याकडे नेली त्या दिवशी ती इतकी शहाण्यासारखी वागली की त्याने माझ्याकडेच संशयाने पाहिलं. "नवा कार्बोरेटर घाला," म्हणाला. मला ते पटलं नाही. आतलं सगळं माझ्या डोळ्यांनी धड पाहिलेलं होतं.

पावसाळा संपता संपता पिरियापट्टणला सासूबाईंच्या भाचीचा साखरपुडा ठरला. बसने जावं असं मी सुचवलं. सासूबाई म्हणाल्या, "घरात गाडी असून बसने? लोक काय म्हणतील?" नवरा म्हणाला, "तुझी हिंमत असेल तर जाऊ." हे ऐकल्यावर मी गाडीनेच जायचं ठरवलं. आदल्या रविवारी स्क्रू आणखी आत घेतला. म्हटलं, बंद पडली तर पडली, धूर तरी नको.

निघायच्या सकाळी घाई उडाली होती. सासूबाईंच्या साडीला मॅचिंग ब्लाउज सापडत नव्हता, नवरा दाढी करत होता, मी फळांची टोपली बांधत होते. बाहेर मामंजींनी गाडी चालू केल्याचा आवाज आला. आम्ही सगळे बसलो. गल्लीच्या तोंडाशीच मला वास आला.

"आजही आहेच का?" नवऱ्याने विचारलं.

"गप्प बस," मी म्हटलं.

येलवालपर्यंत गाडी कशीबशी आली. मागून येणारा ट्रकवाला हॉर्न वाजवून पुढे गेला आणि त्याच्या क्लीनरने वळून आमच्याकडे बघत नाक धरलं. सासूबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला. येलवाल मागे पडलं आणि इंजिन हिसके द्यायला लागलं. मी रेस दिली, आणखी हिसके. शेवटी रस्त्याकडेच्या झाडाखाली ती उभी राहिली ती राहिलीच.

मी खाली उतरले. काठाची रेशमी साडी, केसात गजरा, आणि हातात स्क्रूड्रायव्हर. बॉनेटच्या खटक्याला हात घालणार तेवढ्यात मामंजी माझ्या आधी तिथे पोचले. एवढ्या चपळाईने चालताना मी त्यांना कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

"तू बस. साडी खराब होईल. मी बघतो."

"मामंजी, प्लग काळे झाले असणार. ते काढून पुसायला हवेत."

"बेडा, बेडा, नको, मी करतो म्हटलं ना. तू आत बस जा."

"तुम्हाला प्लग दिसणार आहेत का?"

हे जरा जोरात झालं. ते बाजूला झाले नाहीत, पण त्यांचा हात सैल पडला. मी बॉनेट उघडलं आणि वाकले.

कार्बोरेटरच्या तोंडाशी, चोकची झडप फिरवणाऱ्या छोट्या दांडीला, सुतळीचा एक तुकडा बांधलेला होता. त्याचं दुसरं टोक बाजूच्या एका बोल्टला. घट्ट, व्यवस्थित, सरगाठ मारून.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. चोक म्हणजे हवेच्या वाटेवरचं झाकण. सकाळी गार इंजिन लवकर चालू व्हावं म्हणून ते थोडा वेळ मिटायचं, म्हणजे हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं. इंजिन गरम झालं की उघडायचं. त्यासाठी समोर डॅशबोर्डवर एक बटण असतं, ते ओढलं की आतली तार झडप मिटवते, दाबलं की उघडते. आणि इथे ती झडप सुतळीने मिटवून बांधलेली होती. आम्ही घरापासून इथवर इंजिनाचं नाक दाबून आलो होतो.

मी चोकची तार शोधली. दांडीला तिचं टोक होतं, पण ओढलं तर ते मोकळंच हललं. नळीच्या आतल्या आत ती तुटलेली होती, बाहेरून कळणार नाही अशी. मी गाडीत जाऊन बटण ओढून पाहिलं. ते अलगद बाहेर आलं. त्याच्या मागे तारेचा वीतभर तुकडा होता, बस. मला हे इतके महिने कळलं नाही, कारण मला ते बटण कधी लागलंच नव्हतं. सकाळी गाडी मला गरम करूनच मिळत होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

मामंजी रस्त्याकडे बघत उभे राहिले.

"तार तुटली होती," ते म्हणाले. "मीच ओढली जोरात. त्या दिवशी चालू होईना, आणि तुला उशीर होत होता."

"कधी?"

"उन्हाळ्यात. मग मी हे केलं. सकाळी बांधायचं, गरम झाली की सोडायचं. सोपं आहे, अल्ला, नाही का?"

"आणि सोडायला विसरलं की?"

त्यांनी मडगार्डवरची धूळ बोटाने पुसली. आणि माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. धुराचे दिवस म्हणजे ते सोडायला विसरलेले दिवस. बंद पडायचे दिवस म्हणजे त्यांना आठवण राहिलेले दिवस, कारण तोवर मी स्क्रू नको तेवढा आत घेऊन बसले होते. रविवारी ते गाडीला हात लावत नसत, म्हणून रविवारी मला काहीच सापडत नसे. आणि रोज संध्याकाळी पाणी बघण्याच्या निमित्ताने...

"संध्याकाळी तुम्ही सुतळी काढत होतात?"

"तू गल्लीत शिरलीस की धूर दिसायचा. तेव्हा कळायचं मला की आज राहिली."

"मग मला सांगायचं नाही? मी कार्बोरेटर सुटा केला तेव्हा तुम्ही शेजारी बसून बघत होतात! शाळेच्या दारात मी डोकं धरून बसले तेव्हाही, आल्यावर तुम्हाला सगळं सांगितलं मी. तेव्हा तरी!"

"सांगणार होतो," ते म्हणाले. मग आवाज एकदम खाली आणून, गाडीतल्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "मी विसरतो, पोरी. गॅस विसरतो, नळ विसरतो. ते तुझ्या सासूला ठाऊक आहे. तुला ठाऊक नव्हतं. डोळ्यांचं कळलं तसं हेही कळलं असतं तर किल्ली काढून घेतली असती तुम्ही माझ्याकडून."

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. वाईट वाटलं, हे खरं. पण त्याहून जास्त मला माझे सगळे रविवार दिसत होते, तो पेट्रोलचा ओटा, सल्ला देणारे ते गृहस्थ, नेलपॉलिशची ती मूर्ख रेघ. समोरचा माणूस केविलवाणा झाल्यामुळे आपल्याला धड रागावताही येत नाही, याचाच मला भयंकर राग आला. मी सरगाठ ओढून सुतळी सोडवली, दाताने तिचे दोन तुकडे केले आणि रस्त्यात फेकले.

"निदान ठेवायची होतीस," मामंजी म्हणाले. "परतताना चालू कशी करणार?"

"मामंजी, आता तुम्ही गाडीत बसा."

ते बसले. मी प्लग काढले. चारही कोळशासारखे. नवऱ्याला पोलिशपेपर धरायला बोलावलं, तर तो म्हणाला, "म्हणजे इतके दिवस बाबाच...?" मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने वाक्य तिथेच सोडलं आणि मुकाट प्लग घासायला घेतले. एवढं एक काम त्याने त्या गाडीचं आयुष्यात केलं. प्लग बसवून गाडी चालू केली तर ती लगेच बंद पडली. साहजिकच होतं. मी धूर घालवण्यासाठी स्क्रू आत घेत गेले होते, तो सगळा आता मलाच बाहेर घ्यायचा होता. तिथेच, झाडाखाली, जाणाऱ्या येणाऱ्या बसमधल्या लोकांच्या देखत मी तो पुन्हा लावला. इंजिन एकसारखं चालायला लागलं. धूर नाही, वास नाही. कितीतरी दिवसांनी त्या गाडीचा खरा आवाज मी ऐकला, पण आनंद व्हायच्या मनःस्थितीत मी नव्हते.

मागून सासूबाईंनी विचारलं, "झालं का? मुहूर्त टळेल."

हुणसूरच्या पुढे तंबाखूच्या भट्ट्या दिसायला लागल्या. उघड्या काचेतून तंबाखू भाजल्याचा गोडूस वास आला तेव्हा सासूबाईंनी तोंडावरचा पदर काढला आणि म्हणाल्या, "आता जरा बरा वास येतोय."

पिरियापट्टणला पोचेपर्यंत अंगठ्या घालून झाल्या होत्या. माझ्या साडीच्या काठाला काळा डाग, नखांत काजळी. यजमानीणबाईंनी मला आधी न्हाणीघर दाखवलं. मी हात घासून बाहेर आले तर ओसरीवर पुरुषमंडळी मामंजींभोवती बसली होती आणि मामंजी हातात कॉफीचा पेला घेऊन सांगत होते.

"कार्बोरेटर बघा, अवघड काम. आमच्या सूनबाईने महिनाभर स्क्रू फिरवला. शेवटी मी म्हटलं, चोक बघ, चोक. तिथेच निघाला दोष."

"वा!" कुणीतरी म्हणालं. "अनुभव तो अनुभव."

मी दारातच थांबले. मामंजींनी माझ्याकडे बघितलं. त्यांना माझा चेहरा तेवढ्या अंतरावरून नीट दिसत नसणार, पण मी उभी आहे हे कळलं असणार. त्यांनी घाईघाईने पेल्यात तोंड घातलं. नवरा माझ्या मागे येऊन उभा होता, त्याने हलकेच माझ्या पाठीला हात लावला. तो हात आधाराचा होता की अडवण्याचा, मी विचारलं नाही. मी आत जाऊन बायकांमध्ये बसले आणि पानात वाढलेला गोडाचा पदार्थ कुणी आग्रह करायच्या आत खाऊन टाकला.

परतल्यावर त्याच आठवड्यात मी चोकची नवी तार आणून बसवली. मामंजी जवळ उभे राहून बघत होते. बटण ओढलं की झडप मिटते आणि दाबलं की उघडते, हे मी त्यांना दोनदा करून दाखवलं. त्यांनीही स्वतः करून पाहिलं. "आयतु," झालं, असं म्हणून ते आत गेले.

किल्ली मी काढून घेतली नाही. नवऱ्याचं म्हणणं होतं की घ्यावी, आम्ही त्यावर एकदा भांडलोही. सकाळी गाडी मामंजीच चालू करत राहिले, आणखी बरीच वर्षं. कधी बटण परत दाबायला ते विसरत, कधी नाही. पण आता बटण माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी दार उघडून बसले की आधी तिकडे बघायचे, बाहेर असलं तर दाबायचे आणि मग गिअर टाकायचे. व्हरांड्यातून ते ओरडून विचारायचे, "ठीक चालतीय ना?"

"चालतीय," मी म्हणायचे.

"मी सांगितलं होतं ना, आपोआप बरं होईल म्हणून!"

मी हॉर्न वाजवून निघायचे. मला शाळेला उशीर होत असायचा.